न्यू जर्सीत रिटायर झालात? स्टेट टॅक्स भरताना हे बघा

टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये फेडरल (केंद्र सरकारच्या टॅक्सचा) भाग संपला की लोक स्टेटचा भाग नुसतं नेक्स्ट नेक्स्ट करत उडवतात, आणि तिथेच पैसे जातात. आधी १०९९-आर (पेन्शन किंवा रिटायरमेंट खात्यातून मिळालेल्या पैशांचा फॉर्म) नीट भरा, बॉक्स ७ मधला कोड कागदावर आहे तोच टाका. सोशल सिक्युरिटीवर न्यू जर्सी टॅक्स लावत नाही, ते सोडा. खरी गोम आयआरएची (स्वतःच्या नावावरचं रिटायरमेंट बचत खातं): त्यात पैसे भरताना फेडरलला वजावट मिळाली तरी न्यू जर्सीने टॅक्स तेव्हाच घेतलेला असतो, म्हणून काढताना त्या मुद्दलावर परत लागत नाही, पण सॉफ्टवेअरला हे आपोआप कळत नाही, जुने आकडे तुम्हीच शोधून द्यायचे (आमच्या काकांनी त्यासाठी माळ्यावरच्या फायली उपसल्या!). शिवाय वय ६२ झालं असेल तर पेन्शन एक्सक्लूजन (पेन्शनच्या रकमेवर मिळणारी स्टेट टॅक्सची सूट) बघा, एकूण उत्पन्न १,५०,००० डॉलरच्या वर गेलं की मात्र ते अजिबात मिळत नाही.