१५ ऑगस्टला गाडीच्या शोरूममधून तिरंगा भेट देताना

भेट म्हणून घरी फडकवता येईल असा ९०० × ६०० मिलिमीटरचा कापडी ध्वज द्या. डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टरही चालतं. चक्राचे २४ आरे मोजूनच माल घ्या. प्लॅस्टिकचे झेंडे तर नकोतच, २०२२ पासून त्यांवर बंदी आहे. ध्वजावर शोरूमचं नाव छापू नका. ते साध्या पाकिटावर टाका.

सगळ्यात जास्त चुकतं ते डिलिव्हरीच्या वेळी: नव्या गाडीवर तिरंगा पांघरतात. ध्वजसंहितेनुसार बॉनेट, टप, बाजू, मागचा भाग, कुठेच तो पांघरता येत नाही. आच्छादन एकरंगी साटनचं ठेवा. गाडीवर ध्वज लावायचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा ठरावीक पदांनाच आहे, त्यामुळे बॉनेटची काठी देऊ नका. फाटके ध्वज परत घेऊन खासगीत, सन्मानाने जाळा.