मिश्र कोअरच्या प्रोसेसरवर ओपनफोम चालवताना

इंटेलने 2021 मध्ये बाजारात आणलेल्या कोअर आय9-12900के या प्रोसेसरमध्ये 8 वेगवान पी-कोअर आणि कमी वीज खाणारे 8 ई-कोअर आहेत. पी-कोअरवर हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामे चालवण्याची सोय) असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमला एकूण 24 सीपीयू दिसतात. हा आकडा पाहून ओपनफोम या प्रवाहांचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मेशचे (जागेचे छोटे सेल पाडून केलेल्या जाळ्याचे) 24 तुकडे करण्याचा मोह आवरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

ओपनफोममधील डीकम्पोजपार ही आज्ञा मेशचे जवळपास समान तुकडे करते आणि प्रत्येक आवर्तनात सीमेवरची मूल्ये शेजारच्या तुकड्यांना कळवल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येत नाही. समजा, मेश 16 लाख सेलची आहे आणि एक लाख सेलना पी-कोअरवर 1 सेकंद, तर ई-कोअरवर 1.7 सेकंद लागतात. आठही पी-कोअरवर मिळून एक आवर्तन 2 सेकंदांत होईल. सर्व 16 कोअर जुंपले तरी वेळ 1.7 सेकंदांच्या खाली येणार नाही, कारण पी-कोअर आपले काम उरकून ई-कोअरची वाट पाहत राहतात. शिवाय मेमरीची तीच बँडविड्थ (माहिती पुरवण्याचा वेग) दुप्पट कोअरमध्ये वाटली गेल्याने ही बचतही बऱ्याचदा विरून जाते. सीपीयूंचा वापर दाखवणाऱ्या एचटॉपमध्ये मात्र सगळ्या पट्ट्या 100 टक्के भरलेल्या दिसतात. तुकड्यांमध्ये निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या ओपन एमपीआयची प्रक्रिया वाट पाहतानाही निरोप आला का, हे अखंड तपासत असते, त्यामुळे भरलेल्या पट्टीवरून कामाचा अंदाज बांधू नये.

म्हणून सुरुवात 8 तुकड्यांनी करावी. लिनक्समध्ये एलएससीपीयू या आज्ञेने सविस्तर तक्ता काढला, की कोणता सीपीयू कोणत्या कोअरचा आहे आणि त्याचा कमाल वेग किती, हे कळते. या प्रोसेसरवर सहसा 0 ते 15 हे क्रमांक पी-कोअरचे असतात आणि 0 व 1 ही एकाच कोअरची जोडी असते. तरीही आपल्या यंत्रावरचा तक्ता पाहूनच क्रमांक ठरवावेत. प्रत्येक जोडीतला एकच क्रमांक घेऊन एमपीआयला प्रत्येक प्रक्रिया एकेका कोअरला बांधायला सांगावे आणि बांधणीचा अहवाल मागून ती खरोखर तशी झाली आहे ना, याची खात्री करावी.

यानंतर मोजणी करावी, आणि ती टाळू नये. ओपनफोमच्या लॉगमधील क्लॉकटाइमचे (प्रत्यक्ष गेलेल्या वेळेचे) आकडे घेऊन, सुरुवातीची काही आवर्तने वगळून, पुढच्या 50 आवर्तनांना लागलेला वेळ 6, 8 आणि 16 तुकड्यांसाठी टिपून ठेवावा. ई-कोअर वापरायचेच असतील, तर मेशचे तुकडे करण्याच्या स्कॉच पद्धतीत प्रोसेसरवेट्स (प्रत्येक तुकड्याचे वजन) देऊन त्यांच्या वाट्याला लहान तुकडे द्यावेत. मात्र लहान तुकडा ई-कोअरलाच बांधला गेला पाहिजे, नाहीतर वजने उलटी पडतात.

एकमेकांवर अवलंबून नसलेली अनेक छोटी गणिते असतील, तर हिशेब वेगळा होतो. एकाच पंखाचे वीस वेगवेगळे कोन तपासायचे असल्यास प्रत्येक गणित एकाच कोअरवर चालवावे आणि मोकळ्या झालेल्या कोअरला रांगेतले पुढचे गणित द्यावे. तिथे कोणी कोणासाठी थांबत नाही, आणि ई-कोअरही त्यांच्या वेगाने कामी येतात.