कंपनीने टीडीएस कापला, पण भरलाच नाही? डिमांडला उत्तर देताना या चुका टाळा

पगारातून दर महिन्याला टीडीएस (पगार देतानाच कापला जाणारा आयकर) कापला गेला, कंपनीने तो सरकारजमा केलाच नाही आणि आयकर विभागाची डिमांड, म्हणजे तोच कर भरण्याची मागणी, मात्र तुमच्या नावावर आली. अशा वेळी काहीजण घाबरून पैसे भरून टाकतात, काहीजण मेल उघडायचंच टाळतात. खरं तर कायदा इथे नोकरदाराच्या बाजूचा आहे. १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम २०५नुसार, जेवढा कर कापला गेला आहे तेवढा करदात्याकडे पुन्हा मागता येत नाही. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात विभागाला बजावलं की वसुली कर कापणाऱ्या कंपनीकडून करा. १ जून २०१५ रोजी सीबीडीटीनेही (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ) करदात्याकडून अशी वसुली सक्तीने करू नये, असं अधिकाऱ्यांना कळवलं. (एप्रिल २०२६पासून नवा कायदा आला असला तरी आधीच्या वर्षांना जुनाच लागू.)

एवढं असूनही लोक हरतात, ते बहुधा पुराव्यावर. कर ‘कापला गेला’ हे तुम्हाला दाखवावं लागतं. फॉर्म १६ (कर कापल्याचं कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र) नसेल तर पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट घ्या. स्लिपवरचा निव्वळ पगार आणि खात्यात आलेली रक्कम महिन्यागणिक जुळवून एका पानाचा तक्ता करा. अधिकारी तोच आधी बघतो. नोकरी सुटली की ऑफिसचा मेल बंद होतो आणि स्लिपा त्यातच अडकतात. म्हणून दर महिन्याची स्लिप स्वतःच्या मेलवर घेत चला, कंपनी कितीही नावाजलेली असो.

आयकर विभागाच्या पोर्टलवर ‘डिमांड बरोबर आहे’ हा पर्याय कटकट मिटावी म्हणून निवडू नका. तो एकदा निवडला की नंतर असहमती नोंदवता येत नाही.

पुन्हा पुन्हा दुरुस्तीचा अर्ज टाकणं हीदेखील चूकच. बंगळुरूचं सीपीसी (आयकर विभागाचं विवरणपत्रं तपासणारं केंद्र) तुमचा दावा २६एएसशी, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या नोंदींशी, ताडून पाहतं. तिथे नोंदच नाही, तर उत्तरही तेच येणार. या खेपांमध्ये अपिलाचे ३० दिवस निघून जातात. त्यापेक्षा तुमच्या हद्दीतल्या आयकर अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि मुदतीत फॉर्म ३५, म्हणजे अपिलाचा अर्ज, भरा. दोन लाखांपेक्षा जास्त उत्पन्न असेल तर फी १,००० रुपये. मुदत उलटली असेल तर सबळ कारण देऊन विलंबमाफी मागा.

डिमांड पोर्टलवर नुसती पडून राहिली तर पुढच्या वर्षीच्या रिफंडमधून ती वळती होते. त्याआधी कलम २४५ची सूचना येते. तिला २१ दिवसांत असहमती कळवा. अशी वळती म्हणजे आडमार्गाने केलेली वसुलीच, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३मध्ये म्हटलं आहे. त्याचा उल्लेख उत्तरात जरूर करा आणि तक्ता सोबत जोडा.