मुलांच्या निवासी शाळेचा इतिहास लिहायचा तर

निवासी शाळेत मुलगा फार तर सहा-सात वर्षे राहतो. एखादी प्रथा तेवढी वर्षे टिकली की ती कोणी सुरू केली हे पाहिलेला एकही विद्यार्थी आवारात उरत नाही आणि ती ‘पहिल्यापासूनची’ होऊन बसते. स्मरणिकांमधल्या बहुतेक चुका इथेच जन्मतात. म्हणून माजी विद्यार्थ्यांना फोन करण्याआधी कपाटे उघडा.

सुरुवात स्थापनेच्या वर्षापासून. संस्थेची नोंदणी, कोनशिला आणि पहिला प्रवेश यांची वर्षे अनेकदा वेगळी निघतात. तिन्ही लिहा, शाळा वर्धापनदिन यांपैकी कशावरून धरते तेही लिहा. मग प्रवेशाचे जनरल रजिस्टर आणि कार्यकारिणीची इतिवृत्ते घेऊन वर्षवार तक्ता करा: मुख्याध्यापक, हाउसप्रमुख, कॅप्टन, पटसंख्या. हाउसची, म्हणजे मुलांच्या गटांची, नावे बदलतात, कधी दोन हाउस एक होतात. माहिती नसेल तिथे रकाना रिकामा सोडा. अंदाजाने भरलेले नाव पुढच्या स्मरणिकेत पुरावा म्हणून छापले जाते.

वार्षिक अंक हाताशी असतो म्हणून सगळे त्यावरच विसंबतात. पण तो पालकांनी वाचायचा म्हणून काढलेला असतो; भांडणे, आजार, पळून गेलेली मुले त्यात नसतात. ती मेसच्या हिशेबात, दवाखान्याच्या रजिस्टरात आणि शिक्षेच्या वहीत असतात. जेवणाऱ्यांचा आकडा एकदम घसरला असेल तर त्याच तारखांना दवाखान्याचे रजिस्टर पाहा. तिथे गर्दी असेल तर साथ. नसेल तर अचानक दिलेली सुट्टी किंवा मेसवरचा बहिष्कार.

प्रत्येक प्रथेसाठी वेगळे कार्ड करा. त्यावर काय करतात, कधी, कोण करते, पहिला लेखी उल्लेख, शेवटचा उल्लेख आणि मधले बदल एवढेच. प्रथा सांगणारी गोष्ट आणि प्रथेचा पुरावा एकाच ओळीत मिसळू नका. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या रग्बी शाळेचे. विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने १८२३ साली चेंडू हातात घेऊन धाव घेतली आणि रग्बी हा नवा खेळ सुरू झाला, असे तिथला शिलालेख सांगतो. पण माजी विद्यार्थी मॅथ्यू ब्लॉक्सम यांनी ही हकीकत छापली ती १८७६ मध्ये. तोवर एलिसच्या मृत्यूला चार वर्षे झाली होती, आणि ब्लॉक्सम स्वतः त्या प्रसंगाआधीच शाळेतून बाहेर पडले होते. १८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी चौकशी केली, तेव्हा प्रत्यक्ष पाहणारा कोणी मिळाला नाही. अशी कथा गाळायची नाही. ती कधी आणि कोणामुळे रुजली हे लिहायचे. तोही शाळेचा इतिहासच.

मुलाखतीत ‘कोणत्या साली?’ हा प्रश्न फुकट जातो. ‘तेव्हा कितवीत होतात, कोणत्या डॉर्मिटरीत, शेजारच्या खाटेवर कोण?’ असे विचारा आणि साल रजिस्टरवरून काढा. हातात वर्गाचा फोटो द्या, पण फोटोतली नावे आधी सांगू नका. एकाने सुचवलेले नाव दुसरा सहज मान्य करतो. तासाभरापेक्षा जास्त बसवू नका, आणि रेकॉर्डिंगची व वापराची लेखी परवानगी आधी घ्या. आचारी, मेट्रन, रखवालदार यांना विसरू नका. मुलांच्या पिढ्या बदलतात, ही माणसे मात्र कधी कधी वीस-तीस वर्षे तिथेच असतात.

रॅगिंग आणि छडीबद्दल गप्प राहिलात तर माजी विद्यार्थी बाकीच्या पानांवरही विश्वास ठेवणार नाहीत. पद्धत काय होती, कोणाच्या हाती अधिकार होता, नियम कधी बदलला हे स्पष्ट लिहा. मार खाणाऱ्या मुलांची नावे मात्र छापू नका.

जुन्या कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नाहीच: डिंक पिवळा पडून कागद खातो आणि लॅमिनेशन परत निघत नाही. मजकूर ३०० डीपीआयवर (इंचामागे ठिपके), फोटो ६०० वर स्कॅन करून टिफ (TIFF) फाइल ठेवा. फोटोमागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो. फाइलींच्या तीन प्रती करा आणि त्यांतली एक शाळेच्या आवाराबाहेर ठेवा.