तुमचा क्लिकर गेम खरंच ‘आयडल’ आहे का? या चुका टाळा

मिनी प्रोजेक्टला सोपं काहीतरी हवं म्हणून क्लिकर गेम (टिचक्या मारून आकडा वाढवायचा खेळ) निवडणारी पोरं सोलापुरातही कमी नाहीत. विषयही गावचाच सुचतो: मागावर टिचकी मारली की एक चादर, चादरी विकून दुसरा माग, मग नक्षी विणणारं जेकार्ड, मग अक्कलकोट रोडला शेड. रिपोर्टवर मोठ्या अक्षरात ‘आयडल गेम’, म्हणजे खेळणारा नसतानाही आपोआप चालणारा गेम, असं लिहिलेलं असतं. आणि टॅब बंद करून चहा पिऊन आलं, तर चादरी होत्या तेवढ्याच!

पहिली चूक हीच. दर सेकंदाला आपोआप उत्पन्न येतं म्हणजे गेम आयडल झाला, असं धरून चालतात. खेळणारा समोर नसताना काय होतं, यावर ते ठरतं. रात्री गेम बंद करा, सकाळी उघडा. आकडा हलला नसेल तर तो आयडल नाही. २००२ च्या ‘प्रोग्रेस क्वेस्ट’मध्ये पात्र तयार केल्यावर खेळणाऱ्याला काही करावंच लागत नाही. उलट २०१३ मधल्या ‘कुकी क्लिकर’मध्ये गेम बंद असताना कुकी हव्या असतील, तर आधी नव्याने सुरुवात करून खास अपग्रेड घ्यावं लागतं, आणि तेव्हाही सुरुवातीला नेहमीच्या उत्पादनातला थोडाच वाटा मिळतो. म्हणजे या प्रकारातला सगळ्यात गाजलेला गेमही सुरुवातीला अर्धाच आयडल. मला ‘अ‍ॅडव्हेंचर कॅपिटलिस्ट’ची पद्धत जास्त पटते: मॅनेजर नेमेपर्यंत प्रत्येक फेरीला बोट लावा, नेमला की मोकळे. आपली सुटका नेमकी कधी झाली, हे खेळणाऱ्याला कळतं.

दुसरी चूक कोडमधली, आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारी. ‘सेटइंटरव्हल’ (ठरावीक वेळाने तेच काम पुन्हा करणारा टायमर) लावायचा, दर १०० मिलिसेकंदाला एक चादर वाढवायची. समोर ठेवून बघितलं की बरोबर चालतं. मग मित्र तोच टॅब मागे टाकून दुसरीकडे जातो आणि सांगतो, ‘तुझा माग झोपला बे!’ यात बग त्याच्या लॅपटॉपचा नसतो. मागे गेलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर मुद्दाम सावकाश चालवतो, साधारण सेकंदाला एकदा. क्रोमने २०२१ मध्ये, ८८ व्या आवृत्तीपासून, याहून कडक नियम आणला: टॅब पाच मिनिटांहून जास्त वेळ लपलेला आणि आवाज बंद असेल, तर असे टायमर मिनिटाला एकदाच. सेकंदाला दहा चादरी विणणारा माग आधी एकावर येतो, मग मिनिटाला एकावर. ‘रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम’वर (पडद्यावरचं चित्र बदलताना चालणारं फंक्शन) हिशोब ठेवला असेल तर लपलेल्या टॅबमध्ये तो थांबतोच.

उपाय सोपा आहे: टिक (टायमरचे ठोके) मोजू नका, वेळ मोजा. मागचा हिशोब झाला ती वेळ ‘डेट नाऊ’ने (आत्ताची वेळ देणारं फंक्शन) साठवा, पुढच्या वेळी फरक काढा आणि तेवढ्या सेकंदांचं उत्पादन एकदम जमा करा. हीच वेळ सेव्हमध्ये लिहिली की गेम बंद असतानाची कमाईही त्याच कोडमधून निघते, वेगळं काही लिहावं लागत नाही. फक्त सेव्ह ‘बिफोरअनलोड’च्या (पान बंद होताना मिळणारा इशारा) भरवशावर सोडू नका. मोबाइलवर ब्राउझर सरकवून बंद केला तर तो इशारा मिळेलच असं नाही. ‘व्हिजिबिलिटीचेंज’ला (टॅब लपला किंवा दिसला की मिळणारा इशारा) सेव्ह करा, शिवाय अधूनमधून आपोआपही.

फोनचं घड्याळ पुढे करून चादरी लुटणारे भेटतीलच. सर्व्हर नसेल तर ते पूर्ण थांबवता येत नाही, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टला त्यामागे धावूही नये. फरक ऋण आला तर शून्य धरा आणि बंद काळातल्या कमाईला मर्यादा घाला, एवढं पुरे.

आता डिझाइन. कुकी क्लिकरमध्ये सोनेरी कुकी अधूनमधून उगवते, आणि ती टिपली तर कधीकधी ७७ सेकंद उत्पादन सातपट होतं. मजा येते, पण मग उठवत नाही. गिरणगावात कुणालाही विचारा: माग स्वतः चालतो, तरी कांडी संपली, सूत तुटलं की माणूस तिथेच लागतो. तुमच्या गेममध्ये बरीचशी कमाई अशा बोनसमधून येत असेल, तर त्याला सरळ क्लिकर म्हणा, त्यात कमीपणा नाही. आयडलच हवा असेल तर बोनस अधूनमधूनची खुशी म्हणून ठेवा, पोटापाण्याचा नको.

उलट टोकही आहे. तासाभरात टिचकीला काही किंमतच उरत नाही. त्यासाठी टिचकीची किंमत दर सेकंदाच्या उत्पादनाच्या एक टक्क्याला बांधा. कुकी क्लिकरमधली माउसची अपग्रेड्स असंच करतात.

मागासारख्या वस्तूंची किंमत वाढवताना प्रत्येक खरेदीला १.१५ ने गुणण्याची पद्धत रूढ आहे. दर पाच खरेदींना भाव साधारण दुप्पट होतो; १५ ला मिळणारी वस्तू पन्नास घेतल्यावर सोळा हजारांच्या पुढे जाते. हा गुणक कमी ठेवलात तर माणूस दुकानातून हलत नाही, खरेदीच करत बसतो. जास्त ठेवलात तर दुपारभर थांबूनही एक माग येत नाही. आणि जावास्क्रिप्टमधला साधा आकडा १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात ओलांडला की ‘इन्फिनिटी’ होतो. तिथवर कुणी पोहोचणार असेल तर मोठ्या आकड्यांची लायब्ररी आधीच जोडा.

शेवटचं, आणि हे बहुतेक जण विसरतात: परत आल्यावर काय? ‘तुम्ही नसताना ४,२०० चादरी झाल्या’ एवढी पाटी दाखवून भागत नाही. त्या चादरींतून लगेच घेण्याजोगं काहीतरी, निदान दोन पर्यायांतला एक, समोर हवं.