डायनोवर काय जमते आणि रस्त्यावर काय: मोटरसायकलचे इंजिन ट्यून करताना

डायनो (गाडीचे मागचे चाक ड्रमवर फिरवून ताकद मोजणारे यंत्र) चांगला की रस्ता, असे मला विचारणाऱ्याच्या खिशात बहुधा दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा डायनोचा कागद असतो. त्या कागदावरचा मोठा आकडा पूर्ण रेसचा असतो आणि मुंबईत गाडी चालवणाऱ्याची मूठ दिवसातला बहुतेक वेळ पाव रेसच्या पुढे जात नाही. म्हणून कामाची वाटणी रेसवरूनच करावी: पूर्ण रेस आणि इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) डायनोवर, पाव ते अर्धी रेस रस्त्यावर.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स, प्लग, एअर फिल्टर, चेन आणि टायरची हवा पाहिल्याशिवाय कोणी सुरुवात करणार नाही, असे गृहीत धरतो. बेंड पाइपमध्ये, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपमध्ये, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर मात्र बसवून घ्यावाच, कारण कंपनीचा नॅरोबँड सेन्सर हवा-पेट्रोलचे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (पेट्रोल कमी) एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. मीटर लॅम्डावर ठेवावा: पेट्रोल पुरते जाळायला लागते तेवढीच हवा असली की लॅम्डा 1, त्याखाली रिच, त्यावर लीन. शुद्ध पेट्रोलचे 14.7 हे हवेचे वजनी प्रमाण पाठ करून आलेले लोक विसरतात की वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तेच प्रमाण सुमारे 13.5 होते, लॅम्डा 1 मात्र दोन्हींसाठी 1 च राहतो.

डायनोवर जाण्यापूर्वी तो कोणत्या प्रकारचा आहे हे विचारावे. नुसता जड ड्रम फिरवणाऱ्या इनर्शिया डायनोवर इंजिन वेग घेत असतानाच मोजमाप होते, त्यामुळे तिथे पूर्ण रेसखेरीज फारसे काही हाती लागत नाही. ब्रेक लावता येणाऱ्या डायनोवर 4,000 आरपीएम धरून ठेवून रेस हळूहळू वाढवता येते. दोन्हींवर इग्निशन एकेका अंशाने पुढे न्यावे (ठिणगी आणखी लवकर पाडावी), टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबावे आणि एक अंश मागे यावे. रस्त्यावर हे काम करू नये, कारण वाऱ्याच्या आवाजात नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकू येत नाही. डायनोवरच्या दोन धावांच्या मध्ये इंजिन थंड होऊ द्यावे. पंखा कितीही मोठा असला तरी एअर-कूल्ड इंजिन तापते, ताकद उतरते आणि माणूस मिश्रणाला दोष देत बसतो. पूर्ण रेसला लॅम्डा 0.87 च्या आसपास आला की मी तिथे हात लावत नाही.

मला खरा त्रास दिला तो रस्त्यावरच्या पाव रेसने. पहिल्या गाडीवर मी पूर्व द्रुतगती मार्गावरून घरी येता येता नोंद घेतली, लॅपटॉपवर जिथे जिथे लीन दिसले तिथे तिथे पेट्रोल वाढवले, आणि हाच प्रकार तीन रविवार केला. गाडी गुळगुळीत होण्याऐवजी सिग्नलवरून निघताना गचके देऊ लागली, प्लग काजळीने काळा झाला आणि अॅव्हरेज 38 वरून 29 वर आले. माझ्या तीन चुका झाल्या होत्या. रेस सोडल्यावर इंजेक्शन बंद होते आणि तेव्हा मीटर लीन दाखवणारच, त्या नोंदीही मी खऱ्या धरल्या. दुसरे म्हणजे, एक्झॉस्टचा वायू सेन्सरपर्यंत पोहोचायला सेकंदाचा काही भाग लागतो, म्हणून हलत्या मुठीच्या नोंदीत दिसणारे मिश्रण त्या क्षणाचे नसून आधीचे असते. आरपीएम आणि रेसनुसार किती पेट्रोल द्यायचे त्या तक्त्यातल्या चुकीच्या चौकटी मी भरत होतो. तिसरी चूक सर्वांत लाजिरवाणी होती: बेंड पाइपचे गॅस्केट फुसफुसत होते आणि बाहेरची हवा आत ओढली जाऊन आकडा खोटाच लीन येत होता. इंजिन थंड असताना जोडावर साबणाचे पाणी टाकून सायलेंसरच्या तोंडातून हवा भरावी. बुडबुडे आले तर त्या दिवशी ट्यूनिंग करू नये.

आता मी मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्विचच्या घरावर कागदी चिकटपट्टी लावतो आणि पेनाने पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करतो. इंजिन वीस मिनिटे तापवून तिसऱ्या गिअरमध्ये एकेक खूण निदान तीन सेकंद न हलवता धरतो, आणि मूठ स्थिर असतानाच्याच नोंदी ठेवून बाकीच्या पुसून टाकतो. खड्ड्यांत मनगट हलते आणि मनगटाबरोबर रेसही हलते, म्हणून मेट्रोच्या कामाचे तुकडे जोडलेला रस्ता टाळावा. उड्डाणपुलाचा चढ हा आपल्याला फुकट मिळालेला लोड आहे. सपाटीवर अर्धी रेस धरली तर वेग हाताबाहेर जातो, चढावर तो आटोक्यात राहतो. वेळ पहाटेची असावी, वेगमर्यादा पाळावी आणि चालवताना मीटरकडे पाहू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, सी लिंक आणि कोस्टल रोड यांवर दुचाकीला बंदी आहे, हे नव्याने सांगायची गरज पडू नये, पण पडते. स्थिर रेसला लॅम्डा 0.95 ते 1 यांच्या मध्ये मिळाला तर समाधान मानावे.

बीएस-6 प्रदूषण मानकाच्या गाडीत स्थिर रेसच्या याच भागात ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) स्वतः सेन्सर पाहून मिश्रण दुरुस्त करत असतो. तुम्ही भरलेले तो काही दिवसांत मोडून काढतो, म्हणून तिथे ढवळाढवळ न करणे हेच माझे मत आहे.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पाव ते पाऊण रेस ही निडलची (पेट्रोलची वाट कमी-जास्त करणाऱ्या सुईची) हद्द असते. क्लिप एक खाच खाली सरकवली की निडल वर येते आणि मिश्रण रिच होते. पूर्ण रेसचे पेट्रोल ठरवणारा मेन जेट बदलून पाव रेसचा झटका घालवायला निघालेल्या मिस्त्रीकडून गाडी परत आणावी. ही जुळवाजुळव मुंबईतच, समुद्रसपाटीच्या उंचीवर करावी, कारण सुमारे 620 मीटर उंचीच्या लोणावळ्यात हवा विरळ असल्याने तीच गाडी थोडी रिच चालते.

रस्त्याचे काम संपले की त्याच डायनोवर पूर्ण रेसची एक धाव घ्यावी. दुसरीकडच्या आकड्याशी तुलना निरर्थक आहे. मग वाइडबँड सेन्सर काढून भोकाला बूच लावावे. वीज तोडलेला सेन्सर चालत्या इंजिनाच्या पाइपमध्ये राहिला तर त्याच्यावर काजळी बसून तो निकामी होतो. माझा पहिला तसाच गेला.