हेलिकॉप्टर शिकायला परदेशात जाताय? मग जमिनीवरचा वेळ कसा वापरायचा ते आधी ठरवा

परदेशातल्या हेलिकॉप्टर स्कूलला निघालेल्या पोरापोरींचे प्रश्न बहुतेक उडण्याबद्दलच असतात, किती तास लागतात, सोलो (एकट्याने उडायची संधी) कधी मिळते, आर२२ (शिकवायला वापरतात ते रॉबिन्सन कंपनीचं दोन सीटचं छोटं हेलिकॉप्टर) खूप अवघड असतं का वगैरे. पण तिथे राहून शिकून आल्यावर मी सगळ्यात आधी हे सांगते की दिवसाला उडणं होतं जेमतेम तास-सव्वा तास, तेही नशीब चांगलं असेल तर, आणि बाकी अख्खा दिवस जमिनीवर जातो. ढग वर जायची वाट बघा, मशीन हँगरमधून बाहेर यायची वाट बघा, इन्स्ट्रक्टर मोकळा व्हायची वाट बघा. परक्या देशात, घड्याळाकडे बघत, पैसे संपत असताना. ही वाट बघणं ज्याला जमलं त्याचं लायसन्स कमी तासांत होतं, हे मी माझ्या बॅचमध्ये डोळ्यांनी बघितलंय, म्हणून हे लिहितेय.

स्कूल निवडताना किती मशीन आहेत हे विचाराच, पण त्याच्यापुढे जाऊन विचारा की एका मशीनमागे विद्यार्थी किती आणि मेन्टेनन्स तिथेच होतो की बाहेर पाठवतात. ट्रेनिंगच्या हेलिकॉप्टरची दर १०० तासांनी तपासणी असते, आर२२ चं तर २२०० तासांनी किंवा १२ वर्षांनी पूर्ण ओव्हरहॉल येतं, म्हणजे मशीन अधूनमधून गायब होणारच, आणि स्कूलकडे दोनच मशीन असतील तर तुमचा आठवडा गेला. मीटर कधीपासून धरतात तेही विचारा, काही ठिकाणी इंजिन चालू झाल्यापासून तास मोजतात आणि काही ठिकाणी कलेक्टिव्ह (मशीन वर-खाली नेणारा डाव्या हाताचा दांडा) उचलल्यापासून. रोज वॉर्मअपला जाणारी मिनिटं शेवटी बऱ्यापैकी पैशांची होतात.

आणि अख्खी फी एकदम भरू नका. कितीही डिस्काउंट देऊदेत. २००८ मध्ये अमेरिकेतली सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स नावाची बरीच मोठी स्कूल एका झटक्यात बंद पडली, दिवाळखोरीत गेली, आणि दोन हजारांहून जास्त विद्यार्थी अर्ध्या ट्रेनिंगवर लटकले, त्यातल्या कितीतरी जणांनी पूर्ण कोर्सचं कर्ज आधीच उचललेलं होतं. थोडे थोडे पैसे जमा ठेवायचे, जेवढे तास उडालो तेवढे त्यातून वजा करायचे, उरलेले परत मिळण्याची अट लेखी घ्यायची. स्कूल याला तयार नसेल तर दुसरी बघा, माझं याबाबतीत ठाम मत आहे. बजेट करताना नियमातला कमीत कमी आकडा धरू नका, अमेरिकेत प्रायव्हेट लायसन्सला ४० तास आणि युरोपात ४५ तास लिहिलेत पण बहुतेकांना त्याच्यापेक्षा जास्त लागतात, हेलिकॉप्टरला तर हमखास. शिवाय अमेरिकेत आर२२ वर पहिली सोलो करायच्या आधी किमान २० तास इन्स्ट्रक्टरबरोबर उडावंच लागतं, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात मित्र विमानावर सोलो गेला आणि मी अजून नाही असा जीव जाळून घेऊ नका.

मेडिकल मात्र निघायच्या आधी करून घ्या, व्हिसा आणि फीच्या आधी. नंतर डोळ्यात किंवा कानात काही निघालं तर सगळं मुसळ केरात. आणि ज्या देशात पुढे नोकरी करायचीय तिथे हे लायसन्स कसं बदलून मिळतं, कुठले तास धरतात, कुठल्या परीक्षा परत द्याव्या लागतात हे त्या देशाच्या विमान वाहतूक खात्याकडून लेखी मागवा, स्कूलच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

आता वजनाचं. ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही आणि तिथे गेल्यावर लोकांना कानकोंडं होतं. आर२२ ची एका सीटची मर्यादा १०९ किलो आहे, सीटखालच्या सामानासकट, पण खरा हिशेब वेगळाच बसतो. मशीनचं जास्तीत जास्त वजन ६२२ किलो, रिकामं साधारण ४०० च्या आसपास, म्हणजे उरले सव्वादोनशेच्या आत, त्यात तुम्ही ९० आणि इन्स्ट्रक्टर ९० असाल तर पेट्रोलला राहिले चाळीसेक किलो, लिटरमध्ये साधारण पंचावन्न-साठ. तासाला तीसेक लिटर पेट्रोल जातं आणि शेवटचं राखीव ठेवायचंच असतं, म्हणजे लांबच्या क्रॉसकंट्रीचा (एका एअरपोर्टहून दुसरीकडे उडण्याचा) विषयच संपला, मग तुम्हाला आर४४ (चार सीटचं मोठं मशीन) वर टाकतात आणि त्याचा तासाचा दर बराच जास्त असतो. म्हणून जायच्या आधीच वजन उतरवा. आणि तिथे दर आठवड्याला कपडे, बूट, हेडसेट, सगळ्यासकट काट्यावर उभे राहून खरा आकडा सांगा, कारण खोटं सांगितलेलं वजन उन्हाच्या दिवशी, हवा विरळ झालेली असताना, मशीन उचलायच्या वेळेला बरोबर बाहेर येतं आणि तेव्हा ते धोक्याचं असतं.

पहिले पाच-सात तास होव्हरिंगने रडवलं मला. जमिनीपासून पाच फुटांवर मशीन एका जागी धरायचं, एवढंच, पण हात जरा हलला की नाक पुढे जातं, मग तुम्ही मागे ओढता, तोवर ते आधीच मागे यायला लागलेलं असतं, मग झोका वाढत वाढत जातो आणि शेवटी इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणतो माझं कंट्रोल. मला जमलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे हाताचा पुढचा भाग मांडीवर टेकवला आणि सायक्लिक (मशीन पुढे-मागे, बाजूला झुकवणारा उजव्या हाताचा दांडा) नुसत्या बोटांनी धरला, मुठीत आवळला नाही. दुसरी म्हणजे नजर नाकासमोरच्या गवतावरून काढून लांबच्या झाडांच्या रांगेवर नेली. बोटांनी हलवायचं नाही, नुसता दाब द्यायचा, असं इन्स्ट्रक्टर रोज सांगायचा आणि रोज डोक्यावरून जायचं, आणि मग एका सकाळी साधारण आठव्या तासाला ते मशीन नुसतं उभं राहिलं. वीस सेकंद असेल. मी श्वास धरून ठेवलेला होता हे मला नंतर कळलं.

तर हा वाट बघायचा वेळ. मी खोलीत खुर्चीवर बसून उडायचे, सगळेच करतात, लाजू नका. डाव्या हाताला कलेक्टिव्ह म्हणून छत्री, उजव्या हातात पट्टी, पायाखाली दोन पुस्तकं. डोळे मिटून ऑटोरोटेशन (इंजिन बंद पडल्यावर पंखा हवेनेच फिरत ठेवून खाली उतरणं) पूर्ण बोलून म्हणायचं, इंजिन गेलं, कलेक्टिव्ह खाली, उजवा पेडल, सायक्लिक मागे, स्पीड ६५ नॉट, जागा पकडली, साधारण ४० फुटांवर फ्लेअर (नाक वर करून वेग मारायचा), मग सरळ करून शेवटी कलेक्टिव्ह वर. आर२२ चा रोटर (वरचा पंखा) हलका असतो, इंजिन गेल्यावर कलेक्टिव्ह खाली घालायला हातात सेकंद-दीड सेकंद मिळतो, तेवढ्यात विचार करायला वेळ नसतो, हाताला पाठ असावं लागतं. आणि हे हाताला पाठ करायला मशीन लागत नाही. रॉबिन्सनच्या मॅन्युअलच्या शेवटी सेफ्टी नोटिस असतात, एकेक पानाच्या, कुणीतरी कुठेतरी जीव गमावला म्हणून लिहिलेल्या, त्या पावसाच्या दिवशी वाचून काढा, विशेषतः रोटरचा आरपीएम पडण्याबद्दलची आणि लो-जी (हवेत पंख्यावरचा भार अचानक कमी होणं) बद्दलची. दोनदा वाचा.

मोकळा वेळ असेल तर हँगरमध्ये जाऊन बसा. मेकॅनिकला चालत असेल तर. तपासणीला उघडलेल्या मशीनमध्ये बेल्ट, गिअरबॉक्स, स्वॉशप्लेट हे सगळं बघितल्यावर तुमचा प्रीफ्लाइट (उडण्याआधी मशीन तपासणं) कायमचा बदलतो. त्यात टाकीच्या तळातून पेट्रोलचं सॅम्पल काढताना आधी मी नुसता विमानाच्या पेट्रोलचा निळा रंग बघून ओतून द्यायचे, मग एका म्हाताऱ्या मेकॅनिकने माझ्या हातातून ती नळी घेऊन उजेडाकडे धरली आणि तळाशी असलेला मोहरीएवढा थेंब दाखवला, गोल, हलवला की घरंगळणारा. पाणी. रात्री टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतलं पाणी थंडीने जमतं आणि तळाशी बसतं, कारण ते पेट्रोलपेक्षा जड. परत सॅम्पल काढला, मग परत एक, तिसऱ्यांदा स्वच्छ आला. तेव्हापासून उजेडाकडे धरल्याशिवाय मी एकही सॅम्पल टाकलेला नाही.

रेडिओची भीती सगळ्यांना वाटते आणि ती ॲक्सेंटची नसते, वेगाची असते. आपण घाबरलो की भराभर बोलतो. टॉवरला तुमचा ॲक्सेंट चालतो, गडबड चालत नाही. बोलायच्या आधी मनात ठरवा, कुणाला बोलतोय, मी कोण, कुठे आहे, काय हवंय, आणि मग बटण दाबा. नाही कळलं तर सरळ से अगेन म्हणा, अंदाजाने हो म्हणू नका, इथे संकोच केला तर धोका खरा आहे. जवळच्या एअरपोर्टची फ्रिक्वेन्सी ऐकत बसायचं, वहीत क्लिअरन्स (टॉवरने पायलटला दिलेल्या परवानग्या) लिहून घ्यायचे आणि स्वतःशी मोठ्याने परत म्हणायचे, दोन आठवड्यांत कान तयार होतो. इंग्लिशची आयकाओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) लेव्हल किमान ४ लागते, ती परीक्षा आहे, पण रोजचं हे ऐकणं हा खरा अभ्यास.

इन्स्ट्रक्टर बदलतील हे धरून चला. त्यातले बरेच जण स्वतःचे तास जमवत असतात, नोकरी लागली की जातात, त्यात त्यांची काही चूक नाही. माझे तीन बदलले, दुसऱ्या वेळी माझ्या रेकॉर्डमध्ये निम्म्या धड्यांची नोंदच नव्हती आणि जे झालं होतं ते परत उडून दाखवण्यात माझे चार तास गेले, माझ्या पैशाचे. तेव्हापासून मी स्वतःची वही ठेवली, उतरल्यावर दहा मिनिटांत लिहायचं, काय केलं, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय, आणि लॉगबुकवर सही त्याच दिवशी. नंतर करू म्हणालात की ती सही राहिलीच.

राहणं एअरफिल्डच्या जवळ घ्या, सायकलवर जाता येईल इतपत, कारण कॅन्सल झालेला स्लॉट अर्ध्या तासाच्या नोटिशीवर मिळतो आणि जो जवळ असतो त्याला मिळतो. रूममेटबरोबर आधीच झोपेचं बोलून घ्या, पहाटे हवा शांत असते म्हणून उड्डाणं लवकर असतात. सर्दी झाली तर घरून आणलेली गोळी घेऊन उडायला जाऊ नका, सर्दीच्या कितीतरी गोळ्यांनी झोप येते आणि त्या उडण्याआधी चालत नाहीत, एव्हिएशन मेडिकलच्या डॉक्टरला विचारून घ्या आणि बरं वाटेपर्यंत खाली थांबा. बंद कानाने खाली उतरताना होणारं दुखणं मी एकदा सोसलंय.

आणि घरी फोन. आई रोज विचारते आज उडालीस का, आणि सलग सहा दिवस नाही म्हणायचं जिवावर येतं, मग माणूस खोटं बोलतो किंवा फोन टाळतो, दोन्ही वाईट. मी घरच्यांना नीट समजावून सांगितलं की ढग खाली असले की उडत नाहीत आणि न उडणं हेही शिकण्यातच येतं. मग आईने प्रश्नच बदलला. आज ढग किती फुटांवर होते गं, असं विचारायला लागली, आणि मी मेटार (एअरपोर्टच्या हवामानाचा रिपोर्ट) वाचून दाखवायचे.